टिकली शांत होती

आमच्याकडे घोडे चार. आक्का ही म्हातारी घोडी, मास्तर हा तिच्याहूनही म्हातारा खच्ची घोडा, आणि दोन शिंगरं, टिकली आणि गडबड. शिंगरं म्हणायचं आपलं सवयीनं, नाहीतर दोघंही वर्षाच्या वर गेलेत आणि अंगानं असे वाढलेत की मोहरकी दर दोन महिन्यांनी एक भोक पुढे सरकवावी लागते. टिकली ही आक्काचीच पोर. गडबडला आठ महिन्यांचा असताना आणला, आणि नाव त्याचं त्यानंच ठरवलं, आल्या आल्या पहिल्या दिवशी पाण्याची टाकी पालथी, कोंबड्यांचा दरवाजा मोडलेला आणि स्वतः वासरांच्या गोठ्यात, हे कसं काय जमवलं ते आजवर कळलेलं नाही.

तर या दोघांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. धनुर्वाताची लस द्यायची होती, गडबडला खच्ची कधी करता येईल ते बघायचं होतं म्हणजे दोन्ही अंडं नीट खाली उतरलीत का ते, आणि वरच्या दाढांच्या पुढे तो एक छोटा बिनकामाचा दात उगवतो, पुढे लगाम घालायला लागलं की कडी नेमकी त्याच्यावर आपटते, तो आहे का नाही आणि असला तर काढायचा का, हेही विचारायचं होतं. शिवाय लिदीचं सँपल, जंतांची अंडी मोजायला. डॉक्टर म्हणतात शिंगरांच्या पोटात गोलकृमी फार होतात, आणि दरवेळी डोळे झाकून औषध पाजण्यापेक्षा मोजून मग पाजा.

तयारी मी जोरात केली होती, हे आधीच सांगते, कारण पुढे त्याच तयारीनं माझी जिरवली. आमचा स्वतःचा ट्रेलर नाही. ओळखीच्या एकांकडून दहा दिवस आधी आणला, अंगणात लावला, फळी खाली टाकून ठेवली आणि रोज संध्याकाळी दोघांना त्यात चढवायची प्रॅक्टिस. घाई नाही, ओढाओढी नाही, पहिल्या दिवशी नुसतं फळीवर पुढचे पाय, मग चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, बादली आत, मग मागची साखळी लावून पाच मिनिटं. गडबडनं चार दिवस घेतले. फळीवर टाप वाजली की स्वतःच्याच आवाजाला बिचकून मागे उडी, परत वास घेणार, परत टाप, परत उडी. टिकली पहिल्याच संध्याकाळी सरळ आत गेली, आतल्या जाळीतलं गवत खात उभी राहिली, आणि मी भावाला म्हटलं बघ, आईवर गेलीय, शहाणी. हे वाक्य मी पुढच्या दहा दिवसांत किती वेळा बोलले असेन देव जाणे.

बाकी पण सगळं केलं, रोज चारही पाय उचलून खूर खरवडायचे, कानाला हात, ओठांच्या कडेला बोट घालायचं, मानेची कातडी चिमटीत धरायची म्हणजे सुईची सवय. फक्त एक गोष्ट केली नाही. थर्मामीटर. तो औषधाच्या डब्यात पडून होता आणि मला वाटलं ते काय डॉक्टर बघतीलच.

अपॉइंटमेंट सकाळी साडेनऊची. शेतावर साडेनऊला कुठं पोचायचं म्हणजे आपला दिवस चारला सुरू. धारा काढायच्या, वासरांना दूध, कोंबड्या सोडायच्या, आणि नेमकं ज्या दिवशी बाहेर जायचं असतं त्याच दिवशी मोटर बंद पडते हा आमच्याकडचा नियमच आहे, तर मोटर बंद पडली. भाऊ तिकडे चिखलात, मी इकडे हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून गडबडच्या मागे उभी, लीद ताजीच पाहिजे आणि ती कुणाची हे नक्की माहिती पाहिजे म्हणून. मागे म्हणजे अगदी मागे नाही, बाजूला. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नाकाडासमोर अगदी जवळ आणि शेपटीच्या थेट मागे नाही, आणि तिथून अचानक काही लागलं तर तो आधी लाथ मारतो आणि मग विचार करतो. वीस मिनिटं उभी होते. साहेबांनी पिशवी बघितली की शेपूट खाली. शेवटी मी वैतागून वळले आणि मागे धपधप आवाज आला.

टिकलीची लीद मात्र थोडीशीच होती. चंदी पण अर्धी तशीच. ती पाण्याच्या टाकीपाशी मान जरा लांब करून उभी होती, पाणी प्यायली की मान अजून पुढे ताणायची, गिळताना काहीतरी अडल्यासारखं. हे सगळं मी बघितलं. बघितलं म्हणजे डोळ्यांपुढून गेलं. डोक्यात मोटर, धारा, साडेनऊ, गडबड, आणि टिकली शांत आहे म्हणजे एक काळजी कमी.

चढवायला टिकलीला अर्धा मिनिट लागला, गडबडला पंचवीस. मध्ये फळी घालून दोघं शेजारी शेजारी, डोकं फार वर बांधायचं नाही, कारण लांबच्या प्रवासात डोकं वर अडकून राहिलं की श्वासनळीतली घाण खाली येत नाही आणि छातीत जाते. आमचा प्रवास तासाभराचाच होता पण दोर सैल ठेवला. गडबड पूर्ण तासभर मधल्या फळीवर लाथा घालत होता. भाऊ म्हणाला ताई, हा ट्रेलर परत देताना काय सांगायचं? मी म्हटलं घोडा नेला होता सांगायचं.

दवाखान्याच्या आवारात एक घोडी आणि तिचं पंधरावीस दिवसांचं पिल्लू झाडाखाली उभं होतं, अजून दोन घोडे बांधलेले. मी फळी खाली टाकायला वाकले तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी नमस्कारही नाही, पहिलं हे विचारलं, "सकाळी ताप बघितलात दोघांचा?"

मी म्हटलं नाही.

ते बाजूच्या छोट्या दारातून आत डोकावले. गडबड त्यांच्यावर फुरफुरला. त्यांनी टिकलीकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि हात तिच्या जबड्याखाली घातला, दोन्ही हाडांच्या मधल्या खाचेत. मग म्हणाले, "फळी टाकू नका. कोणालाही उतरवू नका. गाडी मागच्या बाजूला घ्या."

आवाज चढलेला नव्हता, पण मला कळलं काहीतरी चुकलंय. आम्ही गाडी मागे नेली, जिथे बाकी जनावरं नव्हती. डॉक्टर वेगळा डगला आणि हातमोजे घालून आले आणि तपासणी ट्रेलरमध्येच झाली. टिकलीचा ताप ३९.८ सेल्सिअस. एवढ्या वयाच्या घोड्याला साडेअडतीसपर्यंत ठीक, त्याच्या वर नाही. हिरड्या गुलाबी, बोट दाबून सोडलं तर रंग दोन सेकंदांच्या आत परत येतोय, ते ठीक. नाकातून पाणी, अजून पिवळं नाही. जबड्याखाली कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ, गरम, हात लावला की मान झटकत होती. गडबडचा ताप ३८.२. गडबडला काही झालेलं नव्हतं. तो डॉक्टरांचा डगला खायचा प्रयत्न करत होता.

"स्ट्रँगल्सचा संशय आहे," डॉक्टर म्हणाले. नाव ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. एका जिवाणूचा आजार, घोडा, गाढव, खेचर यांनाच होतो, घशाभोवतीच्या गाठींमध्ये शिरतो, तिथे पू होतो, गाठ पिकते आणि फुटते. गाठी मोठ्या झाल्या की श्वासनळीवर दाब येतो, घुसमट होते, नाव त्यावरूनच पडलंय. बहुतेक घोडे बरे होतात. पण पसरतो भयंकर, नाकाला नाक लागून, टाकीतून, बादलीतून, दोरातून, माणसाच्या हातातून आणि कपड्यांतून. त्यांनी नाकातून स्वॅब घेतला, ताप आणि दुखण्याचं औषध दिलं. मी विचारलं अँटिबायोटिक? म्हणाले गाठ पिकायला लागलीय, आता दिलं तर पिकणं नुसतं लांबतं. श्वास घ्यायला त्रास झाला, घरघर ऐकू आली, तर मात्र रात्री दोन वाजता पण फोन करा, मग गोष्ट वेगळी.

लस नाही, दात नाही, खच्चीकरणाचं नावच नाही. सगळं रद्द. फक्त ती लिदीची पिशवी त्यांनी घेतली. आणि मला झाडाखालचं ते पिल्लू आठवत होतं, अजून दोन मिनिटं आणि मी टिकलीला त्याच्या शेजारून चालवत नेलं असतं, कौतुकानं, बघा किती शहाणी म्हणत.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "नवीन घोडा आणलाय का एवढ्यात?" नाही. "बाहेर कुठे गेले होते?" नाही. "गाडी कुणाची?"

मी गप्प. दहा दिवस. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते चौदा दिवस जातात, असं त्यांनीच दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. ट्रेलर मी आणला तसा लावला, धुतला नाही, आत त्यांचीच गवताची जाळी लटकत होती, मी त्यातच गवत भरलं आणि टिकली रोज त्यात तोंड घालून उभी. डॉक्टर म्हणाले खात्रीनं काही सांगता यायचं नाही, अजून दहा वाटा असू शकतात. घरी आल्यावर मी त्या ओळखीच्यांना फोन केला, आरोप म्हणून नाही, त्यांना कळावं म्हणून, तर ते म्हणाले आमच्या घोड्यांना काही नाही आणि फोन ठेवला. असेल खरं. पण बरा झालेला एखादा घोडाही महिनोन्महिने आत जंतू बाळगून असतो, दिसायला ठणठणीत. असो.

मग सुरू झाला खरा प्रकार. टिकलीला वासरांच्या गोठ्यात, सगळ्यात टोकाला. गाईवासरांना हा आजार होत नाही हे डॉक्टरांकडून दोनदा विचारून घेतलं, तरी वासरं हलवली ती जागेसाठी. वासरांना हे अजिबात मान्य नव्हतं, तीन रात्री हंबरत होती, पाठोपाठ त्यांच्या आया हंबरत होत्या, आणि दूध घटलं. टिकलीची बादली, खोरं, झाडू, मोहरकी, दावं, खरारा सगळं वेगळं, लाल चिकटपट्टी लावून. दारात जंतुनाशकाची घमेली, तिथेच गमबूट आणि एक जुना शर्ट. कामाचा क्रम ठरला, आधी आक्का आणि मास्तर, मग गडबड, सगळ्यात शेवटी टिकली, आणि टिकलीकडून परत कोणाकडे जायचं नाही, हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय. ऐकायला सोपं आहे. पण शेतावरचं काम कधी क्रमानं होतं का, टिकलीकडे असताना गाय कुंपणातून बाहेर, कुत्रं घमेल्यातलं पाणी सांडतंय, आणि तुम्ही तिथे नको त्या बुटांत उभे. शेवटी वाटणी केली, भावानं तीन घोडे आणि गाई, मी टिकली आणि कोंबड्या.

आणि थर्मामीटर, सकाळ संध्याकाळ, चौघांचा. आधी ताप येतो, आणि जंतू नाकातून बाहेर पडायला त्यानंतर एक दोन दिवस जातात, म्हणजे ताप वाढलेला त्याच दिवशी दिसला आणि त्याच दिवशी घोडा वेगळा केला तर पुढच्यांना वाचवायला वेळ मिळतो. गाठ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. ही गोष्ट मला आधी कळली असती तर, म्हणजे कळलीच असती, विचारलं असतं तर.

ताप बघायचा कसा तर मागे उभं राहायचं नाही, मांडीला चिकटून बाजूला उभं राहायचं, एक हात पाठीवर, शेपूट हळूच बाजूला, थर्मामीटरला थोडं व्हॅसलीन. आणि थर्मामीटरला दोरा, दोऱ्याला कपड्याचा चिमटा, चिमटा शेपटीच्या केसांना. दोरा का ते पहिल्या दिवशी कळलं. आक्काला फरक पडला नाही, मास्तर झोपलाच बहुतेक, गडबडनं मागचा भाग असा काही आवळला आणि उडवला की थर्मामीटर गेला गवतात, अर्धा तास आम्ही दोघं गुडघ्यांवर, सापडला तो लिदीत. दुसऱ्या दिवसापासून दोरा. आठ दिवसांत गडबडला सवय झाली, म्हणजे चंदीची बादली तोंडासमोर असेल तरच. मुठीएवढ्या चंदीत बसेल तेवढाच वेळ मिळतो, तेवढ्यात आकडा यायला पाहिजे.

गोठ्याच्या दारावर खडूनं तक्ता केला. पाचव्या दिवशी संध्याकाळी गडबड ३९.४. मी परत बघितला. ३९.५. आणि तो तेव्हा काय करत होता तर बादली दातात धरून आपटत होता. नाक कोरडं, गाठ नाही, खाणं पिणं उड्या सगळं रोजच्यासारखं. ताप बघितला नसता तर मी शपथेवर सांगितलं असतं हा ठणठणीत आहे. म्हणजे एक शांत म्हणून मी फसले आणि दुसरा दंगा करतो म्हणून फसले असते. त्याच रात्री बॅटरीच्या उजेडात त्याला टिकलीच्या शेजारच्या कप्प्यात हलवला, आणि त्याची आणि टिकलीची दोन महिन्यांनी भेट झाल्यासारखं खिंकाळणं चाललं होतं, पाचच दिवस झाले होते.

टिकलीची गाठ गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचे, दिवसातून तीन वेळा. पहिले तीन चार दिवस ती उभ्या उभ्या डोळे मिटायची, खायची नाही, भिजवून अगदी पातळ केलेली चंदी थोडी थोडी चाटायची. जनावर ओरडत नाही ना, हे फार वाईट. गाठ वाढून माझ्या मुठीएवढी झाली, मग एका जागचे केस गळाले, कातडी मऊ पडली. डॉक्टर आठव्या दिवशी घरी आले. तिला जरा गुंगीचं इंजेक्शन दिलं, डोकं खाली लोंबायला लागलं, आणि मऊ जागेवर छोटी चीर. मी खाली पातेलं धरलं होतं कारण पू जमिनीवर पडू द्यायचा नव्हता. जवळजवळ कपभर, दाट, पिवळा, आणि वास असा की भाऊ बाहेर गेला तो आलाच नाही. मग आत आयोडीनच्या पातळ पाण्यानं धुतलं. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत खायला द्यायचं नव्हतं, नाहीतर घास घशात अडकतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. दोन तासांनी तिनं टाकीत तोंड घातलं आणि जी प्यायली, मान न ताणता, मी तिथेच बादलीवर बसले.

गडबडची गाठ आली आणि आपली आपण फुटली, बहुतेक रात्री, सकाळी बघितलं तर भिंतीवर सगळीकडे. म्हणजे माझा अख्खा दिवस भिंत घासण्यात. आक्का आणि मास्तर कोरडे राहिले. पूर्वी कधी झाला असेल का त्यांना, कुठल्याही चार घोड्यांतल्या साधारण तिघांना एकदा झाला की पाचेक वर्षं सहसा परत होत नाही म्हणे. किंवा त्यांची टाकी वेगळी होती ते कामी आलं.

पू थांबून तीन आठवडे झाल्यावर डॉक्टर एंडोस्कोप घेऊन आले. घोड्याच्या घशाच्या वर दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, जंतू तिथे लपून बसतो, म्हणून नाकातून नळी घालून त्या धुऊन त्या पाण्याचं सँपल तपासायचं. दोघांचंही स्वच्छ आलं. फळ्या, बादल्या, दारं सगळं आधी साबणानं घासून मग जंतुनाशक, कारण घाणीवर जंतुनाशक ओतून उपयोग नसतो. लाकडी खुंट्या आणि दोर जाळून टाकले.

एवढं सगळं होऊन परत दवाखान्यात गेलो तेव्हा अडीच महिने उलटले होते. ट्रेलर या वेळी दुसरीकडून आणला, आणि आणल्या आणल्या आत बाहेर धुतला, उन्हात तीन दिवस उघडा ठेवला, जाळी आमची. गडबड आपणहून चढला. टिकलीनं मात्र चाळीस मिनिटं घेतली. फळीवर एक पाय, वास, मागे. परत. ट्रेलरनं तिला काय आठवत होतं कुणास ठाऊक. मी ओढलं नाही, भाऊ घड्याळ बघत होता, मी बघितलं नाही.

गडबडची दोन्ही अंडं खाली होती, तिथल्या गवतावरच त्याला झोपवून पंधरावीस मिनिटांत काम झालं, धनुर्वाताची लस आणि त्याच झोपेत तो दातही काढला. दात केवढा तर करंगळीच्या टोकाएवढा, खिशात ठेवला आणि धुण्यात गेला. जागा झाल्यावर तो दारू प्यायल्यासारखा चार पाय चार दिशांना ठेवून उभा होता, आयुष्यात पहिल्यांदा गप्प. दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज चालवायचं, नाहीतर सूज उतरत नाही, आणि टिकलीपासून अजून काही आठवडे लांब, कारण खच्ची केल्या केल्या लगेच धोका संपत नाही.

टिकलीला नुसती लस होती. डॉक्टर सुई घेऊन आले, तिनं कान मागे केले, त्यांची बाही दातात धरली आणि मागच्या पायानं माझी बादली उडवली. डॉक्टर बाही सोडवून घेत म्हणाले, "मागच्या वेळी किती शांत होती ही."

मी म्हटलं, "हो ना. सकाळी ३८.१ होता."